चमकेच्या बाजूची सीट

गळ्याशपथ सांगते, अक्षरन् अक्षर खरं आहे! पंक्चर निघेपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसले होते. समोर एक म्हातारं जोडपं आपल्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारपाशी भांडत होतं. धुराचा पाइप बाईंच्या दाराखालून, बाहेरूनच गेलेला, चांदीसारखा लखलखीत. बाईंच्या पोटरीला मलम. काका हाफ पँटमध्ये.

"मिस्त्री, ह्या पाइपाला ती उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळा. उतरताना दरवेळी चटका बसतो मला."

"अगं, मग पाइप दिसणार कसा? ती चमक म्हणजे गाडीची शान आहे!"

"आणि माझी पोटरी?"

"तू जरा उडी मारून उतर ना."

"मी काय बेडूक आहे?"

"काकू, पट्टी ओली करून घट्ट गुंडाळली ना, की वाळल्यावर ताप आतच राहतो."

"मिस्त्री, तुम्ही मध्ये पडू नका! पाइपाला हात लावायचा नाही."

"अहो, बरं. मग किल्ली द्या इकडे."

"कशाला?"

"चालवते मी. तुम्ही बसा माझ्या जागेवर, शानीच्या बाजूला."

गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. काका उतरले.

"आई गं! मेलो! मिस्त्री, गुंडाळा! चांगले दोन थर गुंडाळा!"

"आणि चमक?"

"चुलीत गेली चमक! आण ती किल्ली."

"किल्ली? ती आता विसरा. काय मजा येते हो चालवायला!"

सगळं खरं बरं का. फक्त दुसरा थर माझा. काका एकच म्हणाले होते.