आठशे मीटरच्या वड्या

कुंदाबाई : चाटू नको, चाव.

सुलक्षणा : चावतेच आहे, आई. वडी कुठे आहे ही, दगड झालाय. दाढ हलली माझी.

कुंदाबाई : गुळाचा पाक पुढे गेला. मला कढईतच वाटलं होतं. ठेव, कुटून तुझ्या गुड्डीला दुधात देऊ. आता ही पाह्य, कागदातली.

सुलक्षणा : ही तर पार वितळलीय. चॉकलेट सगळं कागदालाच लागलंय.

कुंदाबाई : लागणारच. सकाळपासून माझ्या कमरेला होती.

सुलक्षणा : कमरेला?

कुंदाबाई : रुमालात बांधली, कमरेला खोचली, अन् सहा ते अकरा कांद्याच्या वावरात बसले. तुला पोलीस भरतीच्या मैदानावर पाच तास उन्हात बसवतील ना? म्हटलं, आधी वडीला बसवून पाहू.

सुलक्षणा : पाच तास तुम्ही नुसत्या बसलात?

कुंदाबाई : नुसती कशाला, निंदत होते. शालिग्रामभाऊ विचारे, वहिनी, घडीघडी कमरेला काय चाचपता? म्हटलं, प्रोटीन शे. त्याला वाटलं नवीन बियाणं आलं.

सुलक्षणा : आता गावभर होईल.

कुंदाबाई : होऊ दे. पण तू ते बार बार म्हणू नको लोकांसमोर. काल तू फोनवर मैत्रिणीला, त्या रुखसारला म्हणत होती, बार खाल्ला की ताकद येते. शेजारचा तोताराम ओट्यावर बसेल होता. काय पाहत होता तुझ्याकडे.

सुलक्षणा : बरं, वडी म्हणते. पण आई, रुखसारनं लिहून पाठवलंय त्यात वरून चॉकलेट ओतायचंच आहे. तिच्या जिममधल्या मुली तशाच करतात.

कुंदाबाई : तिच्या जिममध्ये एसी शे. नरडाण्याच्या उन्हात चॉकलेट वर राहत नही. मग आत टाकू.

सुलक्षणा : आत?

कुंदाबाई : ती काळी पावडर शे ना, कोको. ती पिठातच मिसळायची. वरून काही नको. वितळायला वर काही राहिलंच नही तर वितळेल काय?

सुलक्षणा : हे मला का नाही सुचलं?

कुंदाबाई : तू पळायचं पाह्य. अन् पाकबी नको. खजूर घेऊ. खजूर धरून ठेवतो अन् कडकबी होत नही. तो डबा दे. बिया काढेल शे सगळा.

सुलक्षणा : पाणी टाकून वाटू?

कुंदाबाई : पाण्याचा थेंब नको, आंबून जाईल. कढईत चमचाभर तूप टाक, मंद आचेवर खजूर परत. मऊ झाला की आपोआप गोळा होतो. मी शेंगदाणे फिरवते.

सुलक्षणा : फार फिरवू नका, तेल सुटेल.

कुंदाबाई : चाळीस वर्षं शेंगदाण्याचा कूट करते मी.

सुलक्षणा : बरं, करा. फुटाण्याचं पीठ किती?

कुंदाबाई : दोन वाट्या. शेंगदाणे दीड. तीळ, जवस अर्धी अर्धी, भाजेल शे. कोको तीन चमचे. कडू लागते का गं ती?

सुलक्षणा : नुसती खाल्ली तर कडू. खजुरानं जाते. चिमूटभर मीठ टाका, घामानं जातं ना अंगातलं.

कुंदाबाई : दुकानातल्या त्या पाकिटावर दहा ग्रॅम प्रोटीन लिहेल होतं. आपल्यात किती येईल?

सुलक्षणा : रुखसार म्हणाली, एवढ्या मोठ्या वडीत सात तरी येईल.

कुंदाबाई : दहा का नही?

सुलक्षणा : सात पुरे. दुकानातलं ते दहावालं खाल्लं तर दोन दिवस पोट फुगलं होतं माझं, पळता आलं नाही. आई, खजूर झाला बघा. कढई सोडतोय.

कुंदाबाई : उतरव. आता टाक बठ्ठं, सगळं एकदम. हातानं मळ, चमच्यानं होत नही. भाजू दे हात जरा. हां. आता ताटाला तूप लाव अन् वाटीच्या बुडानं दाब. जोरात दाब. गोळा फेकते ना तू, तसा जोर लाव.

सुलक्षणा : वास तर बघा काय सुटलाय.

कुंदाबाई : थांब, गार होऊ दे. मघाशीबी तू घाईच केली.

सुलक्षणा : एक तुकडा. कोपऱ्यातला.

कुंदाबाई : घे. कसं शे? बोल ना. तोंडात धरून काय बसली?

सुलक्षणा : आई, हे दुकानातल्यापेक्षा चांगलं झालंय.

कुंदाबाई : खरं बोल.

सुलक्षणा : खरंच. मऊ आहे, चावता येतंय, चॉकलेटपण लागतंय. तुम्ही खा.

कुंदाबाई : हं. व माय. हे तर चांगलं शे. उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर चल. पळायच्या दीड तास आधी अर्धी वडी खायची, मग पळायचं.

सुलक्षणा : नको. घरी खाते, पण पळायच्या आधी नको. मला भीती वाटते. पोटात काही असलं की मळमळतं.

कुंदाबाई : म्हणून तर उद्या पाहायचं. भरतीच्या दिवशीच पहिल्यांदा खाऊन पाहणार का? वडी कमरेला लावून पाहिली, तशी पोटात टाकूनबी पाहू.

* * *

सुलक्षणा : थांबवलं का घड्याळ? आई, थांबवलं का?

कुंदाबाई : थांबवलं. बटण बरोबर दाबलं या वेळी. तू आधी दम घे.

सुलक्षणा : किती?

कुंदाबाई : चष्मा नही माझ्याकडे. हे घे, तूच वाच.

सुलक्षणा : दोन एक्कावन्न. आई, दोन एक्कावन्न आलेत. चारही फेऱ्या धरून.

कुंदाबाई : म्हणजे चांगलं ना?

सुलक्षणा : गेल्या आठवड्यात तीन मिनिटं चार सेकंद होते. दोन पन्नासच्या आत आलं की वीसपैकी वीस. एक सेकंद राहिला फक्त.

कुंदाबाई : अन् पोट?

सुलक्षणा : काहीच नाही. मळमळ नाही, काही नाही. शेवटच्या फेरीत पाय जड होतात ना, ते झालेच नाहीत. मी वाट बघत होते, आता होतील, आता होतील. मग तुम्ही दिसलात हात हलवताना.

कुंदाबाई : बस इथं पायरीवर. पाणी घे. हळू पी.

सुलक्षणा : पुढच्या वर्षी वय निघून जाईल माझं. म्हणून रोज रात्री हिशेब करत होते, नाही झालं तर काय. आज पहिल्यांदा वाटतंय, होईल.

कुंदाबाई : सुलक्षणा, मागच्या वर्षी भरतीत पळताना तू पडली, त्या दिवशी मंगळवार होता.

सुलक्षणा : असेल. जाऊ द्या ना.

कुंदाबाई : असेल नही, होता. आदल्या दिवशी मीच बोलले, देवीचा वार शे, उपास धर, देवी यश देईल. तू धरला. पहाटे चहाबी घेतला नही. अन् अकरा वाजता तुला पळवलं. शेवटच्या वळणावर तू पडली.

सुलक्षणा : मलाही ‘नको’ म्हणता आलं असतं की.

कुंदाबाई : सासूला? लग्नाला चार वर्षं झालेली, अंगावर पिणारी पोरगी अन् मी सकाळ-संध्याकाळ कुरकुरत होते, बाईच्या जातीला पोलीस कशाला. तू काय नही म्हणणार होती?

सुलक्षणा : तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं.

कुंदाबाई : ते खरं शे. पण पुढचं ऐक. कांदे कापायला गेलो तेव्हा बाया बोलत होत्या. बाळंतपणानंतर हिच्या अंगात जोरच राहिला नही, उगा हौस. मी तिथंच होते. हातात विळा होता. मी बोलले नही, की पोरीला मी उपाशी धाडलं. खाली मान घालून कांदे कापत राहिले.

सुलक्षणा : मला माहितीये.

कुंदाबाई : काय माहितीये?

सुलक्षणा : की तुम्ही तिथं होतात. भाईदासकाकांच्या सुनेनं सांगितलं होतं. मला राग आला होता. पडल्याचा नाही आला तेवढा त्याचा आला. महिनाभर तुमच्याशी नीट बोलले नाही, आठवतं?

कुंदाबाई : मला वाटलं, नापास झाली म्हणून गप्प शे.

सुलक्षणा : नाही. त्यासाठी नव्हते.

कुंदाबाई : हं. बोलली असती तर बरं झालं असतं.

सुलक्षणा : तुम्ही पण.

कुंदाबाई : हो. मीबी.

सुलक्षणा : चला आता. गुड्डी उठली असेल. आणि अर्धी वडी राहिलीय ती मला द्या, भूक लागली.

* * *

(गुरुवार, दुपारचे साडेबारा. धुळ्यात भरतीच्या मैदानाबाहेर, रसवंतीच्या मांडवाखाली.)

कुंदाबाई : इकडे, इकडे. सावलीत ये. गेटवरच्या पोलिसाला तीनदा विचारलं, तो म्हणे बाई, तुमची सून आत शे, आम्ही खाल्ली नही. काय झालं? चेहऱ्यावरून काही कळत नही तुझ्या.

सुलक्षणा : आधी बसू द्या.

कुंदाबाई : पडली का?

सुलक्षणा : नाही पडले.

कुंदाबाई : बरं. रस घे. मग सांग. पहिल्यापासून सांग.

सुलक्षणा : पाचला आत घेतलं. कागदपत्रं, मग उंची. मग नुसतं बसवून ठेवलं. गोळा साडेआठला झाला. तो बिघडला, आई. पहिल्या फेकीला पाय रेषेवर पडला, बाद. दुसरा चांगला गेला, पण रोजच्यापेक्षा कमीच. पंधरापैकी नऊ.

कुंदाबाई : अन् पळायचं?

सुलक्षणा : शंभर मीटर ठीक झालं. आठशेला माझी तुकडी साडेदहाला लागली. नऊ वाजता मी वडी काढली. तशीच होती, जशी ताटातून काढली तशी. हाताला काही लागलंपण नाही.

कुंदाबाई : सांगितलं होतं ना.

सुलक्षणा : अर्धी खाल्ली. शेजारी एक पोरगी होती, पिंपळनेरकडची. एकोणीस-वीस वर्षांची असेल. डोकं धरून बसली होती. विचारलं, काय खाल्लं? म्हणे, रात्री एसटीत बसले, तेव्हापासून काहीच नाही. माझ्याच तुकडीत होती ती.

कुंदाबाई : मग?

सुलक्षणा : मग काय. खोटं नाही बोलणार, मनात आलं, ही मागे राहिली तर माझा एक नंबर पुढे जाईल. थोडा वेळ वडी हातातच धरून बसले. मग दिली उरलेली अर्धी.

कुंदाबाई : खाल्ली तिनं?

सुलक्षणा : दोन घासात. म्हणाली, ताई, हे कोणत्या कंपनीचं आहे?

कुंदाबाई : काय सांगितलं?

सुलक्षणा : म्हटलं, आमच्या आईंची कंपनी आहे. मग शिट्टी झाली. आई, ती पोरगी सुटली ती अशी सुटली. पहिल्या फेरीला मी तिच्या मागे. दम लागायला लागला तेव्हा मी ठरवलं, घड्याळ नाही, काही नाही, फक्त हिच्या पाठीवरचा नंबर बघायचा. तो सोडायचा नाही. त्या वळणावर आलो, जिथं मी गेल्या वर्षी पडले ना, तेच वळण. मला वाटलं होतं, तिथं पाय आपोआप भितील. पण मी तिचा नंबरच बघत होते. वळण मागे पडलं तेव्हा कळलं.

कुंदाबाई : अन् टाइम?

सुलक्षणा : ती दोन पंचेचाळीस. मी दोन सत्तेचाळीस.

कुंदाबाई : म्हणजे वीस?

सुलक्षणा : वीसपैकी वीस.

कुंदाबाई : परत सांग.

सुलक्षणा : वीसपैकी वीस, आई. सगळे मिळून पन्नासपैकी एक्केचाळीस.

कुंदाबाई : मला जरा बसू दे.

सुलक्षणा : बसलेल्याच आहात तुम्ही.

कुंदाबाई : हो का. दीपकला फोन कर, बायको काय करून आली ते कळू दे त्याला. नको, त्याची पाळी चालू शे, मशीनवर असेल. जेवायच्या सुट्टीत कर. एक्केचाळीस पुरतील ना?

सुलक्षणा : यादी लागल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. गेल्या वर्षी पुरले असते. या वर्षी पोरी जास्त आल्यात. यादीत आलं तर मग लेखी.

कुंदाबाई : ती पिंपळनेरची कुठे शे?

सुलक्षणा : ती बघा, कडुनिंबाखाली. गाडी तीनला आहे तिची.

कुंदाबाई : बोलाव तिला. रस पिऊ दे. डब्यात अजून सहा वड्या ठेवेल शे, त्यातल्या तीन तिला बांधून देते.

सुलक्षणा : बोलावते. आणि आपण चारची बस पकडू, म्हणजे संध्याकाळी घरी.

कुंदाबाई : चारची नको, त्याच्या आधीची पाहू. संध्याकाळी भाईदासकडे हळद शे. बठ्ठ्या बाया तिथं येतील.

सुलक्षणा : आज हळदीला? आई, मला उभं राहवत नाहीये.

कुंदाबाई : तू झोप. मी जाते. कांद्यावर ज्या होत्या त्या सगळ्या तिथं असतील. मागच्या वर्षी पोरीला उपाशी कुणी धाडलं ते सांगायचं शे त्यांना.

सुलक्षणा : कशाला आता? एवढी घाई काय आहे? यादी लागू द्या, मग सांगा.

कुंदाबाई : नही. तुझं नाव लागल्यावर सांगायला काय लागतं? यादी लागायच्या आधीच सांगते.