शिमग्यानंतरची तपासणी

अध्यक्ष गुरुजी, वरच्या वाडीची मंडळी, खालच्या वाडीची मंडळी, आणि तिकडं पिंपळाच्या आडोशाला न आल्यासारखे उभे असलेले लोकहो, पुढं या. आज तरी पुढं या. आज कुणी तुमची पापणी उलटून बघणार नाही.

भाषण माझं काम नाही. मी दवाखान्यातली नर्स. ‘डोळा उघड’, ‘हात लावू नको’, ‘रडून झालं का?’ एवढंच बोलायची मला सवय. गुरुजी म्हणाले, एस्तेरबाई, त्यांच्याबरोबर सगळ्यांत जास्त तुम्ही राहिलात, तुम्हीच बोला. म्हणून उभी राहिले. मधेच थांबले तर थांबू द्या. मला पाणी आणून देऊ नका, माझी मी सुरू होईन.

आपल्या डॉक्टर यमुनाबाई गेल्या. विषमज्वरानं गेल्या. अख्ख्या पंचक्रोशीला तापात पथ्य सांगणारी बाई, स्वतःच्या तापात मात्र ऐकेना. अंगात ताप असताना उठून दवाखान्यात येऊन बसायची. मी ओरडले. भांडले. त्या म्हणाल्या, ‘एस्तेर, डॉक्टर तू की मी?’

मघापासून इथं बरंच बोलणं झालं. कुणी त्यांना माउली म्हणालं, कुणी देवी म्हणालं. बाई हे ऐकायला असत्या ना, तर म्हणाल्या असत्या, ‘मला देवी म्हणू नका, पोरांना देवी टोचून घ्या.’ अहो, देवी कसल्या! भयंकर तापट बाई. चहा गार झाला की रागवायची. घाणेरड्या पदरानं पोराचं नाक पुसणारी आई दिसली की भर बाजारात तिला झापायची. पारनेरच्या बाजारात एकदा एका बाईनं त्यांना उलट झापलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. हो, वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

पण चूक झाली की कबूल करायची. हे मी फार थोड्या शिकलेल्या माणसांत पाहिलंय. त्यांच्या एका चुकीची गोष्ट मला आज सांगायची आहे. ती तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगते.

आपल्याकडं डोळ्यांचा आजार किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. धूळ आपली, ऊन आपलं, माश्या आपल्या. पोरगं चालायला लागायच्या आत त्याच्या डोळ्यांना चिपडं. पुढं खुपऱ्या. पापणी उलटून बघितली तर आत साबुदाण्यासारखे दाणे. आणखी पुढं पापणीचे केस आत वळतात, बुबुळावर घासतात, आमच्या बायका चिमट्यानं ते उपटत बसतात. शेवटी डोळ्यात पांढरं फूल, नजर गेली. मग ‘नशीब’ म्हणायचं आणि भिंतीला धरून चालायचं.

बाई इथं आल्या तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट ही बघितली, की खुपऱ्या एकट्या माणसाला होत नाहीत, घराला होतात. आई, आजी, मुली, तान्हं पोर, सगळ्यांना. बापयांना त्या मानानं कमी. का? एकाच घरात राहतात, एकच धूळ खातात. मग बायकांनाच आणि पोरांनाच का जास्त? बाई महिनोन्‌महिने त्याच प्रश्नावर. जेवतानासुद्धा तेच. आणि एक दिवस खालच्या वाडीत बारशाला गेल्या.

भागूआजी, तुमच्या नातीचं बारसं. तुम्ही समोर बसलाय म्हणून मी हे टाळणार नाही, आणि बाईंनाही ते आवडलं नसतं.

बाळ पाळण्यात. आत्यानं काजळाची डबी उघडली, बोट घातलं, बाळाच्या डोळ्यांत ओढलं. मग त्याच बोटानं स्वतःच्या. मग मावशी. मग चुलती, तिचे डोळे तर लाल भडक. तेच काजळ, तीच डबी, बोट आत, बोट बाहेर. कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी माझा हात असा दाबला, की दुखला. मला म्हणाल्या, ‘बघितलंस?’ आणि मी ‘गप्प राहा’ म्हणायच्या आत त्या उठून उभ्या राहिल्या. भर बारशात मोठ्यांदा म्हणाल्या, ‘काजळ घालू नका! आजपासून ह्या घरात कुणी काजळ घालू नका!’

आता विचार करा. संगमनेरच्या भिक्षुकाच्या घरची लेक. लहानपणी विधवा झालेली, बापानं जिद्दीनं शिकवलेली. कपाळ मोकळं. गळा मोकळा. आणि ती बाई बारशात, पाळण्याशेजारी, सवाष्णींना सांगतीये की काजळ घालू नका!

भागूआजी काय म्हणाल्या, ते ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. ‘सोताचं कपाळ पांढरं, आन् आता आमच्या लेकींच्या डोळ्यातलं काजळ पुसाया आली व्हय? चालती हो.’

आम्ही चालत्या झालो. रस्त्यानं मी चिडलेली. मी म्हटलं, अडाणी माणसं, मरू द्या. बाई थांबल्या. म्हणाल्या, ‘अडाणी कोण? मी. इतकी वर्षं ह्याच समाजात जगले, माझं तोंड बायका अशुभ धरतात हे मला कळू नये? मी त्या बाळाच्या बारशात अपशकुन केला, एस्तेर. त्यांच्या हिशेबानं केलाच.’ मी म्हटलं, पण तुमचं म्हणणं तर खरं आहे ना? त्यावर म्हणाल्या, ‘खरं आहे की नाही, तेसुद्धा मला अजून ठाऊक नाही. मला नुसतं वाटलं. वाटलं आणि ओरडले.’

खालच्या वाडीनं त्या दिवसापासून बाईंचं काजळाबद्दल काही ऐकलं नाही. बायका औषधाला यायच्या, डोळ्यात थेंब घालून घ्यायच्या, मोरचुदाची कांडी पापणीला लावली की आम्हाला शिव्याही घालायच्या. ती कांडी झोंबतेच तशी. लढाईच्या दिवसांत न झोंबणाऱ्या सल्फाच्या गोळ्या कुठून मिळणार? पण काजळाचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या.

वरच्या वाडीत बाई स्वतः गेल्याच नाहीत. सगुणाकाकूंना पाठवलं. सगुणाकाकू म्हणजे भरल्या घरातली सवाष्ण, त्यांच्या हातून ओटी भरून घ्यायला बायका रांग लावतात. आणि सांगायला काय सांगितलं? काजळ सोडा, असं नाही. काजळ घाला. भरपूर घाला. फक्त डबीत बोट घालू नका. कडुलिंबाच्या काडीनं काजळ काढून धुतलेल्या बोटावर घ्या. एकीची काडी दुसरीला नाही. वापरली की चुलीत. झालं. बायका म्हणाल्या, एवढंच ना? काडीला कुठं दाम पडतो!

मी बाईंना म्हटलं, खालची वाडी मात्र हातची गेली. त्या हसल्या. त्या क्वचितच हसायच्या. म्हणाल्या, ‘गेली कुठं? उलट सोय झाली. दोन्ही वाड्या सारख्याच धुळीच्या. सारख्याच विहिरी. औषध दोघींना तेच. फरक एक काडीचा. आता बघूच.’

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीनंतर आणि शिमग्यानंतर आम्ही दोन्ही वाड्यांतल्या पोरांच्या पापण्या उलटून बघत आलो. तुमची पोरं आम्हाला बघून माळावर पळायची. बाई मागं पळायच्या. मी बाईंच्या मागं पळायची. एक आजोबा बांधावर बसून म्हणायचे, ‘दवाखाना लई जोरात चाललाय!’

मंडळी, आता तुम्ही विचाराल, मग निघालं काय? काडीनं फरक पडला का?

मी सांगणार नाही.

मला काय वाटतं, ते माझ्यापाशी. गेल्या दिवाळीनंतर मी नाचायलाच निघाले होते. बाईंनी मला गप्प केलं. म्हणाल्या, ‘एक शिमगा जाऊ दे. धूळ सुटू दे, माश्या होऊ देत. तेव्हा बरी झालेली पोरं बरीच राहतात का ते बघू. आधी बोलशील तर मी बारशात केलं तेच करशील.’ मी म्हटलं, आणि खोटं ठरलं तर? म्हणाल्या, ‘तर खोटं ठरेल. मग दुसरं कारण शोधू. पण काहीतरी कळेल ना!’

ती शेवटची तपासणी राहिली. शिमगा तोंडावर आला आणि बाई गेल्या.

तापात शुद्धीवर असल्या की एकच विचारायच्या. ‘पळस फुलला का?’ मला आधी वाटलं, बडबडतायत. मग उमजलं, पळस फुलला म्हणजे शिमगा जवळ आला. मी म्हणायची, फुललाय बाई. त्या म्हणायच्या, ‘मग पोरं गोळा कर.’

पाणी नको म्हटलं होतं ना. बसा.

हं. ऐका.

नगरचे एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, बाईंचे जुने सहाध्यायी. मी त्यांना भेटून आले. ते स्पष्ट म्हणाले, अर्धवट तपासणीला कवडीची किंमत नाही. पूर्ण असेल तर मी स्वतः येऊन प्रत्येक पोराचा डोळा बघेन, आणि बाईंच्या नावानं चार डॉक्टरांपुढं मांडेन. मात्र एकच दिवस येईन, आणि दोन्ही वाड्यांतली सगळी पोरं हवीत. निम्मी आली तर मी टांगा परत फिरवीन. रंगपंचमी झाली की पहिल्या रविवारी ते येतील.

गुरुजी, मघाशी पुढारी म्हणाले, दवाखान्यात बाईंचा फोटो लावू, चंदनाचा हार घालू. लावा. मी रोज पुसेन. पण फोटो पापण्या उलटत नाही. मला फोटोआधी पोरं हवीत.

वरची वाडी येणार, मला चिंता नाही. तुम्हाला आपली काडी जिंकलेली बघायची आहे. प्रश्न खालच्या वाडीचा आहे. आणि तुम्ही का येणार नाही, हेही मला माहीत आहे. कालच एक जण मला म्हणाला, ‘बाई, आमच्या पोरांचं डोळं जास्ती खराब निघालं, तर सगळ्या तालुक्यात बोंब हुईल. खुपऱ्यांची वाडी म्हणतील. आमच्या पोरी कोन करनार?’

हे भय खोटं नाही. मी त्याला हसणार नाही. सोयरिकीला आलेला माणूस आधी मुलीचे डोळे बघतो, हे मला कळतं. पण भाऊ, वाडीचं नाव कुठंही लिहिलं जाणार नाही. पोराचं नाव लिहिलं जाणार नाही. एक वाडी आणि दुसरी वाडी, एवढंच. मी शब्द देते. आणि माझा शब्द पुरत नसेल तर डॉक्टरांपुढं तुम्हीच उभे राहा आणि ते काय लिहितात ते गुरुजींकडून वाचून घ्या.

आणि दुसरं सांगते, जरा कडू आहे. पोरींचे डोळे झाकून ठेवले म्हणून बरे होत नाहीत. लग्नात नाही कळलं तर पहिल्या बाळंतपणापर्यंत कळेलच. मग ती पोरगी सासरी भिंतीला धरून चालेल. तुम्हाला ते चालेल का? मला चालणार नाही. बाईंना चाललं नसतं.

तुम्ही मनात म्हणाल, आम्ही बाईंना हाकलून दिलं, आता कुठल्या तोंडानं जायचं? अहो, बाईंनी तो राग एका दिवसापलीकडं ठेवला नाही. तुमच्या ‘नाही’मुळं तर ही तपासणी उभी राहिली. ह्या कामात वरच्या वाडीचा जेवढा वाटा, तेवढाच तुमचा. तुम्ही आला नाहीत तर वरच्या वाडीच्या डोळ्यांनाही काही अर्थ उरत नाही. बाईंची सगळी वर्षं फुकट जातील. हे मी हात जोडून सांगते. मी हात जोडणारी बाई नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी एकटी पडले तरी रंगपंचमीनंतरच्या रविवारी दवाखान्यासमोर सतरंजी घालून बसणार आहे. एक पोर आलं तर एकाच्या पापण्या बघेन. पण मला सगळी हवीत. बोला, येणार का?

कोण उठलं? ऊन डोळ्यावर आहे, दिसत नाही.

भागूआजी?

आजी, बसून बोला, पाय दुखतील. काय? मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू द्या. बरं, मीच सांगते. मंडळी, आजी म्हणतायत, ‘बारशाची पोर हीच. हिचं डोळं पयलं बघा. निघंल ते निघंल.’

नातीला कडेवर घेऊन उभ्या आहेत.

आजी, आता बसू नका. उभ्याच राहा.

मंडळी, रीतीप्रमाणं मी तुम्हाला सगळ्यांना बाईंसाठी दोन मिनिटं गप्प उभं राहायला सांगणार होते. आता तसं सांगत नाही. ज्याच्या घरचं पोर रविवारी येणार आहे, त्यानंच उठावं. बाकीच्यांनी बसून राहिलं तरी बाईंचा अपमान होणार नाही. खोटं उभं राहणं त्यांना जास्त लागलं असतं.

उठा.

हळू, घाई नको. म्हाताऱ्यांना हात द्या. खालची वाडी, मी तुमच्याकडंच बघतीये. हं. तुम्ही, पलीकडचे. तुमच्या मालकीण उठल्या, तुम्ही काय बघताय? असं. पिंपळाखालचे तुम्ही आधीच उभे आहात, तुमचं धरू ना? मान हलवा. धरलं.

आता कुणी बसलेलं दिसत नाही.

यमुनाबाई, पोरं गोळा झाली.

आता कुणी बोलू नका.