ताट पुढं सरकवलं

मेहकरच्या स्टँडवर डोणगावच्या यष्टीची वाट पाहता पाहता एस्तेरबाईंच्या कानावर ओळखीचा आवाज पडला. बाकाच्या पलीकडे पाठमोरी बसली होती ती त्यांची धाकटी जाऊ, शांतवंता. नाताळापासून दोघींचा अबोला. एस्तेरबाईंनी पदर पुढे ओढला आणि कान मागे लावला.

“तुमच्या प्रभुभोजनात वाढतेत काय व?” शेजारीण शालूबाई विचारत होती.

“भाकरीचा नखाएवढा तुकडा अन् घोटभर द्राक्षाचा रस.”

“इतक्यानं पोट भरते?”

“पोटासाठी नसते ते. येशूनं आपल्यासाठी जीव देला, त्याची आठवण. एकाच भाकरीतलं सगळ्यायनं खायचं. मनात कोणाचा राग असन तं हात लावायचा नाही.”

“मंग तू लावत नसशीन!”

“कशाचा लावतो! रांगेत हातोहात ताट येते, नाताळापासून ते तसंच पुढं सरकवून राह्यली.”

“अन् जाऊ?”

“तेही सरकवते. मी प्रार्थनेत एका डोळ्यानं पाह्यतो, तिनं घेतलं का म्हून. तिनं आधी घेतलं तं तेच चांगली ठरन ना!”

पदराआड एस्तेरबाई खजील झाल्या. प्रार्थनेत त्यांचाही एकच डोळा मिटत असे, दुसरा पहाऱ्यावर असे.

“पण भांडण कशाचं?”

“वरवंट्याचं. मी मागतला, तिनं देला नाही.”

आता मात्र राहवेना. एस्तेरबाई गर्रकन वळल्या.

“वरवंटा देला होता मी! पाटा नव्हता देला!”

शांतवंता दचकली. मग हळूच म्हणाली, “हाव बाई, पाटाच होता.”

“येत्या रविवारी ताट आलं का आधी तू घेजो.”

“नाही, तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही.”

“मी सांगतलं ना, तू!”

“मी नाही घेत आधी!”

“अवं, नखाएवढा तं तुकडा,” शालूबाई ओरडली, “मोडून खा ना दोघी!”