रेक्टरबाई येणार नाहीत

—न्हाई म्हणजे न्हाई, मुज्तबा सर. किती बार सांगू. सहलीला बाईमाणूस लागतं, तर मेसच्या धुरपताबाईला न्या, क्लासच्या ऑफिसातून कुणी मागून घ्या — या होस्टेलची रेक्टर येणार न्हाई. मी बसा म्हणले न्हाई, तरी बसलात, बसा आता. तुमचा कागद सकाळीच वाचलाय मी. 'सोपी पायवाट, साडेचार किलोमीटर, डाव्या हाताला सतत समुद्र' — सतत, म्हणे. मधी कातळावर बसून डॉल्फिन बघायचे, सुरूच्या झाडावर गरुडाचं घरटं, वाळूत खेकडे. अकरावीच्या चाळीस पोरी. उमरीहून, कंधारहून आईबापांनी लातुरात आणून ठेवल्यात त्या, बारावीला मार्क पडावेत म्हणून, खेकडे बघायला न्हाई. जीवशास्त्र शिकवता ना, फळ्यावर काढा की गरुड. एखादीचा पाय घसरला तर तिचा बाप तुमच्या क्लासात न्हाई येणार, माझ्या दारात येणार.

पोरी खोलीत बसून सुकून चालल्यात? ते मला शिकवू नका. कोण रडतंय, कोण ताट तसंच ठेवून उठतंय, ते तुमच्याआधी मला कळतं — सात वर्षं झाली हितं. अन् समुद्राला भिते का म्हणून काय विचारता? भूकंपात तेरणेकाठचं आमचं गाव गेलं. आईबाप गेले. मी जळकोटला सासरी होते म्हणून राहिले. ते बघितलेलं माणूस पाण्याला कशाला भिईल?

मग वाटाड्याच्या नावावर रेघ कामून मारली — बघितलंत व्हय ते. हाव, मीच मारली. दुसरा बघा. कोकणात वाटाड्यांचा काय तोटा हाय? ओळखीचा न्हाई माझ्या. त्याचं आडनाव बिराजदार, तर बिराजदार लई हायत आपल्याकडं. आता त्यातला सटवाजी शिवलिंग बिराजदार, अन् तोबी गुहागरच्या खाली, असा एकच असंल, पर मला काय त्याचं—

असं बघू नका माझ्याकडं. भाऊ हाय. धाकटा. झालं समाधान?

नऊ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिता काढला, अंगावर ओरखडाबी न्हाई. पत्र्याच्या शेडात ठेवला होता, मी जवळ. आठ दिवसांनी कोकणातल्या कुठल्या शाळेची माणसं आली, ज्यांचं कुणी न्हाई ती लेकरं नेतो म्हणली. वही घेऊन एकेकापाशी थांबायचे — याचं कोण हाय? मी तिथंच उभी, एकोणीस वर्षांची. म्हणले, कुणी न्हाई. मी शेजारची हाय.

सासरचे ठेवून घेणार नव्हते ना. नव्या सुनेनं भाऊ आणायचा म्हणजे — न्हाई, खोटं कशाला बोलू. सासू माझी, नीलाबाई, शेडात येऊन म्हणली होती, सिंधू, लेकराला घे, एक भाकर जास्त थापू. मीच न्हाई घेतला. तो बोलत नव्हता सर. आठ दिवस एक शब्द न्हाई. नुसता माझ्याकडं बघायचा, अन् तोंड हुबेहूब आईचं. रोज उठून ते तोंड समोर नको होतं मला. दुसरं कारण न्हाई, तुम्ही शोधू नका. जीपमधी मीच उचलून बसवला. शेजारची म्हणले ते त्यानं ऐकलं होतं. बोलत नव्हता, पर कान शाबूत होते.

पुढं दोन पत्रं आली त्याची. जळकोटचा पत्ता त्याच्या ध्यानात होता. मी उत्तर न्हाई दिलं — काय लिहिणार, तुझी शेजारीण सिंधू? वर्षभरानं ती बंद झाली. बरंच झालं म्हणले. म्हणत राहिले.

तर असं हाय. जा आता, स्टाफरूममधी खुशाल सांगा. सहल न्या, वाटाड्या तोच ठेवा, पोरींना नीट सांभाळून न्हेईल तो. माझ्याकडून काही सांगायचं न्हाई. होस्टेलला कोण असतं विचारलं, तर म्हणा हाय एक बाई, कंधारची. जळकोटचं नाव काढू नका.

काय? कधी?

फोनवर? त्याला नावासकट सांगितलंत — रेक्टर सिंधूताई, जळकोटच्या, पोरींबरोबर येणार हायत? मला विचारल्याबिगर? चार दिवस झाले, अन् हे आत्ता सांगून राहिलात तुम्ही.

मग... काय म्हणला तो?

खरं सांगा, सर.

नक्की येणार का म्हणून विचारलं. दोनदा.

अन् तुम्ही हाव म्हणलात. कुणाच्या हुकुमानं म्हणलात हाव? उठा सर. उठा म्हणते ना, पोरींची अभ्यासाची घंटा झाली, चाळीस जणी जिन्यावरून येतील आता, त्यांच्यासमोर मला — उठा. कितवी तारीख म्हणलात सहलीची?

बरं. जा. दार लावून घ्या.