चौथी ‘ब’मधला पालक

वेणूबाई : सायेब, मीटिंग संपून वीस मिनटं झाली. पोरांचे आईबाप कवाच गेले. तुमी अजून बाकावर?

यज्ञेश : उठतो. बाई, मघाशी गेटवरून मला या वर्गात तुम्हीच पाठवलंत ना?

वेणूबाई : मीच. इथली शिपाई मी. तुमी बोल्लात, मीटिंगला आलो. मी बोल्ले, चौथी ब, डाव्या हाताला.

यज्ञेश : मला दुसऱ्या मीटिंगला जायचं होतं.

वेणूबाई : दुसरी कंची?

यज्ञेश : शनिवारी साडेसहाला असते म्हणे. फोनवर याच शाळेचा पत्ता दिला त्यांनी.

वेणूबाई : दारू सोडनाऱ्यांची?

यज्ञेश : हळू बोला ना.

वेणूबाई : कोन हाय इथं ऐकायला? अरे देवा! ती वरच्या मजल्यावर, चित्रकलेच्या खोलीत. मंग गेटावर तसं सांगायचं ना!

यज्ञेश : जीभ उचलली नाही. तुमच्या शेजारी दोन बायका उभ्या होत्या.

वेणूबाई : तसं कोनीच तोंडानं सांगत नाय म्हना. गेटाशी घुटमळतात, मोबाइलात बगतात, मीच न इचारता जिना दाखवते. तुमी इस्तरीचा शर्ट घालून, भांग पाडून आलाव. मना वाटलं, कोनाचा तरी बाप हाय.

यज्ञेश : आहे की. बाप आहे मी.

वेणूबाई : पोर या शाळेत हाय?

यज्ञेश : नाही. राजसी नाशिकला असते, आईबरोबर. दोन वर्षं झाली. चौथीतच आहे, पण तिकडे.

वेणूबाई : मंग तासभर इथं काय करत होतात?

यज्ञेश : बसलो होतो. वर्गाच्या बाईंनी विचारलं, कुणाचे पालक? मी म्हटलं, राजसीचा. त्यांना यादीत नाव सापडेना. म्हणाल्या, नवीन ॲडमिशन दिसतंय. मी मान हलवली.

वेणूबाई : खोटंच?

यज्ञेश : खोटंच. वर्ग चुकलाय हे कळलं होतं, पण उठवेना. त्या सांगत होत्या, रोज दहा मिनिटं मुलांना घेऊन वाचत बसा. ते मी लिहूनसुद्धा घेतलं.

वेणूबाई : आता काय बोलावं तुमाला!

यज्ञेश : वृंदा, म्हणजे माझी बायको, पालकसभेला एकटीच जायची. राजसी पहिलीत असताना मी एकदाच गेलो. वृंदाला गेटवरच वास आला. तिनं मला रिक्षात बसवून घरी पाठवलं. राजसी बघत उभी होती. आज वास नव्हता, बाई. शेजारी बसलेलं कोणी उठून गेलं नाही. म्हणून बसून राहिलो.

वेणूबाई : आज घेतली नाय?

यज्ञेश : काल सकाळपासून नाही.

वेणूबाई : चला वर. साडेसातला उठतात ते. पाच मिनटं हायत.

यज्ञेश : आता राहू दे. पुढच्या शनिवारी येतो.

वेणूबाई : घरी कोन हाय?

यज्ञेश : कोणी नाही. बदलापूरला फ्लॅट आहे. राजसीच्या खोलीचं दार मी उघडतच नाही.

वेणूबाई : मंग आज घरी जाऊन काय करनार?

यज्ञेश : खरं सांगू? घरापर्यंत न पिता पोचेन याचीही खात्री नाही.

वेणूबाई : माझा मालक, धोंडिबा, असंच बोलायचा. पुढच्या शनवारी. सा वर्सं मी वरच्या त्या मीटिंगच्या खोलीचं दार उघडते. तो माझ्याबरोबर यायचा, गेटाशी स्टुलावर बसायचा नि येनाऱ्यांना जिना दाखवायचा. सोता एक डाव वर गेला नाय. बोलायचा, मी काय त्यांच्यातला? गेल्या माघात दारूनंच मेला.

यज्ञेश : अरेरे. तुम्ही कधी म्हटलं नाहीत, चल म्हणून?

वेणूबाई : लाजले. शाळेतल्या मॅडम काय बोलतील, हेच डोक्यात. हात धरून वढून न्यायला पायजे होता मी त्याला. उठा तुमी. गुडघा सांभाळा, बाक लहान हाय.

यज्ञेश : दारापर्यंत याल?

वेणूबाई : येते ना.

(चित्रकलेच्या खोलीच्या दारात.)

वेणूबाई : महेशभाऊ, हे तुमच्याकडचे. माझ्यामुळं खाली पालकांत बसले.

यज्ञेश : चूक माझी होती. मी नीट विचारलंच नाही.

महेश : अरे, या ना आत! मी महेश, उल्हासनगर कॅम्प एकवरून येतो. तुमचं नाव सांगा फक्त. आडनाव नको, इकडे लागत नाही.

यज्ञेश : यज्ञेश. पण तुमचं आटोपलेलं दिसतंय. खुर्च्या उचलताय.

महेश : आटोपलं होतं. तुम्ही आले तर परत चालू. ओ मंडळी, बसा, बसा! अर्धा तास अजून.

यज्ञेश : माझ्यासाठी कशाला खोळंबा?

महेश : खोळंबा कसला, बॉस? माझंच सांगतो. घरी जाऊन टीव्ही लावणार, अकेला. इकडे बरं वाटतं. बसा, आरामात बोला.

यज्ञेश : काय बोलू?

महेश : जे तोंडात येईल ते. नाही आलं तरी चालतं.

वेणूबाई : मी जाते खाली.

यज्ञेश : बाई, थांबता का जरा? एवढ्या गावात मला ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात.