कोणाचं लग्न, ते लिहायचं राहिलं

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. माणूस वेळ वाचवतो— बरोबर? मग तो वाचवलेला वेळ जातो कुठे? डब्यात भरून ठेवलाय का कुणी? ओ पाटील, तुम्ही नका सांगू, तुमचा डुलक्यांत गेला, इथून दिसतंय मला!

तर विट्याला एक वधूवर मंडळ. तिथं श्रीपती कॉम्प्युटरवर बसायचा. हजारो स्थळांची माहिती त्या डेटाबेसमध्ये! कुणाचं लग्न ठरलं, की त्याची नोंद उघडा, बदला, मग मशीन विचारणार— "नक्की करू का?" श्रीपती हुशार! एका आदेशात शंभर नोंदी बदलायला शिकला. वाईट काय त्यात? काहीच नाही! पण गडी म्हणाला, हे मशीन सासूसारखं सारखं काय विचारतंय? अन् ती विचारणाच बंद करून टाकली!

मंडळाच्या सुलोचनाकाकी म्हणाल्या, "अरे, कुणाकुणाची नोंद बदलणार ते आधी बघावं, मग हात लावावा!"

"काकी, बघत बसलो तर काम कधी उरकायचं?"

या श्रीपतीची धाकटी बहीण हौसा. आईबाप नाहीत, तिचा घोर एकट्या भावाला. किती स्थळं आली, पोहे खाऊन गेली! शेवटी मंडळाच्याच यादीतले तासगावचे एक मास्तर जमले. आज संध्याकाळी सुपारी फोडायला पाहुणे यायचे. श्रीपतीच्या अंगात वारं शिरलं! निघायच्या आधी बहिणीची नोंद आपल्या हातानं बदलायची. आदेश लिहिला— 'विवाह ठरला असं कर.' कुणाचा? ते पुढं लिहायचं होतं हो! हौसाचं नाव लिहिण्याआधीच बोट पडलं बटणावर. विचारणा तर बंद! मशीन म्हणालं, जशी आज्ञा!

झालं! मंडळातल्या झाडून सगळ्यांचं लग्न ठरलं! आणि घरोघरी मोबाईलवर आपोआप निरोप— "अभिनंदन! आपला विवाह ठरला!" फोनवर फोन! एक बाप ओरडतोय, "कार्टीनं परस्पर जमवलं का काय?" एक पिकलेले आजोबा, बिजवर, ते म्हणतात, "बाई कोण का असंना, मला पसंत हाय! तारीख सांगा!"

काकींनी सगळ्या नोंदींची कालची जपून ठेवलेली प्रत मशीनवर चढवली, नोंदी जागच्या जागी आल्या. पण गेलेला निरोप परत येतो का? श्रीपती धापा टाकत घरी पोचतोय, तोच मास्तरांच्या मामांचा फोन— "सुपारी फुटायच्या आधीच जाहीर केलंत? गाडी वाटेत थांबवलीय. परत फिरवू का?"

हसा, हसा! इकडं बहिणीचं जमलेलं लग्न मोडायला आलं होतं. मशीन बिघडलं म्हणणं सोपं होतं. पण तो म्हणाला, "मामा, चूक माझी. घाई नडली. हौसाचा यात काही दोष नाही."

तेवढ्यात मास्तरांनीच फोन घेतला. "असू दे हो. पण तुमच्या बहिणीला मी पसंत आहे ना?"

श्रीपतीनं शेजारी उभ्या हौसाकडं बघितलं! पत्रिका बघितली, पगार विचारला, मास्तरांची म्हैस दूध किती देते तेसुद्धा विचारलं! हौसाला?

हौसानं हात पुढं केला. "दादा, दे इकडं. मास्तर, या तुम्ही. आधी बोलू, मग काय ते सांगते. नाही म्हटलं तर राग धरायचा नाही."

मास्तर हसले. "निघालो!"

दोघं ओसरीवर बोलत बसले. श्रीपती आत-बाहेर, आत-बाहेर! "आटपा की" म्हणायला तोंड उघडलं, अन् स्वतःच हातानं दाबलं. चहा गार झाला, परत केला, परत गार झाला! मग हौसा आत आली. डोळे भरलेले, ओठांत हसू.

"फोड सुपारी, दादा."

श्रीपतीला हुंदका आवरेना. "हौसे, मी तुला आधीच का गं विचारलं नाही?"

"तुला वेळ कुठं होता, दादा?"

मंडळी, आता आपापलं बघा! तुमच्याही घरात कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची शाळा, म्हाताऱ्या आईनं कुठल्या लेकाकडं राहायचं ते ठरतंय. ज्याचं ठरतंय, त्याला विचारलंत? आज घरी जा आणि विचारा. विचारून झालं की मोबाईल काढू नका, समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसा— उत्तर येईस्तोवर! टाळकरी, उचला टाळ, म्हणा विठ्ठल!