एका सोमवारचं मौन

...आणि बाई, मी नवस बोलली तोही कशाचा, तर न बोलण्याचा. महादेवानं उपास मागितला असता तर महिनाभर पाण्यावर राहिली असती, अनवाणी चाल म्हटलं असतं तर प्लांटच्या सेक्टर एकपासून थेट दुर्गपर्यंत गेली असती, पण शेजारची गिरजाबाई म्हणे, "जे जड जाते थेच द्या लागते वो देवाले." आता मले कावून जड जाईन? मी काही फार बोलणारी नाही. थोडक्यात सांगते.

माझा चिंधू साडेतीन वर्षांचा झाला तरी तोंडातून एक शब्द नाही. त्याच्या आधीचं एक लेकरू हाती लागलं नाही, म्हणून याचं नाव असं चिंधीसारखं ठेवलं, कोणाची नजर नको. ऐके सारं. प्लांटचा भोंगा झाला की दाराकडे बोट दाखवे, बाबा येऊन राहिले म्हणून. पण "आई म्हण" म्हटलं की गप. त्याची मोठी बहीण तारा तर पाळण्यातूनच बोलाले लागली होती, माझ्यावर गेली. मग याले दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस, खाली वाकून म्हणे, "क्या नाम है बेटा?" मी म्हटलं, चिंधू. "क्या खाया आज?" मी म्हटलं, वरण-भाकर, आन वरणात तूप जास्त पडलं म्हणून जरासा ओकला पण. "जीभ दिखाओ." जीभ कशी दाखवाची थे लेकराले समजलं पाहिजे ना, म्हणून मी आपली दाखवली. डॉक्टरनं माझीच जीभ पाहून घेतली. मग म्हणे, "सुनता है, बोलेगा. ज़रा मौका दीजिए." कशाचा मौका, थे काही सांगितलं नाही. असे असतात हे लोक, पुरतं बोलत नाहीत.

म्हणून नवस. श्रावणातला एक सोमवार, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, तोंड उघडणार नाही. माझ्या लेकराले वाचा दे. चार सोमवार हाती होते, पाहिजे होता एक.

पहिला सोमवार दुधानं नेला. उतू चाललं, मी म्हटलं "दूध", झालं. दुसऱ्या सोमवारी मागच्या क्वार्टरातली तेलुगू बाई आली. तिची भाषा मले येत नाही, माझी तिले येत नाही, आमचं एरवीही हातवाऱ्यावरच चालते, त्या दिवशी तर इतकं जमलं, इतकं जमलं, की मी म्हटलं, "वा." गेला तोही. तिसऱ्या सोमवारी ताराचे बाबा फर्स्ट शिफ्टले निघता निघता म्हणतात, "आज घर कसं शांत वाटून राहिलं." मग मी उत्तर दिलं. ते सायकलवर बसून प्लांटमध्ये पोचले तरी उत्तर सुरूच होतं. म्हणजे थोडक्यातच दिलं, पण मुद्दे होते.

राहिला शेवटचा. तो हुकला असता तर थेट पुढचा श्रावण, आणि तोवर लेकराले काय म्हणून हाक मारली असती लोकायनं, सांगा. मी पहाटेच बेलाचं पान ओठात धरलं. पान पडलं म्हणजे नवस पडला.

दहाच्या सुमारास जुनवानी गावची भाजीवाली चंपा टोपली घेऊन दारात. "भांटा ले ले दाई, ताजा हे." वांग्यांचा भाव सांगितला परवापेक्षा दीडपट, पाहून घेतलं ना तिनं माझं तोंड बंद. मी आपली बोटं दाखवून राहिली. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, कमरेवर हात ठेवून, अगदी ठसक्यात, "परवाचे वांगे किडके निघाले वो चंपा. आज कावून महाग? आन कोथिंबीर टाक वरतून."

चिंधू.

लोकांची लेकरं एक शब्द बोलतात. माझ्या पोरानं अख्खा भाव केला. चंपानं मुकाट्यानं कोथिंबीर टाकली. आणि मी? डोळ्यांतून धार, ओठात बेल. माझ्या राजा म्हणाचं होतं. पण मी बोलली आन देवानं दिलेलं वापस घेतलं तर?

मग तो दिवसभर बोलला. ताराचे बाबा ड्युटीवरून आले आणि उंबऱ्यातच थांबले, बोलणं तर माझं, आणि मी समोर पान धरून बसलेली. ते चपलेसकट आत आले. तर चिंधू त्यायले सांगून राहिला, "बाबा, डब्यातला गूळ तारानं खाल्ला होता. मार मले बसला."

जेठ महिन्यातली गोष्ट बाई ती. धपाटा मीच दिला होता. "तूच खाल्ला ना?" मीच विचारलं, "तूच," मीच सांगितलं. दोन महिने पोरानं ठेवलं होतं पोटात. तवा समजलं मले, डॉक्टर कोणता मौका म्हणत होता.

दिवा लावला. पान देवापुढे ठेवलं. इतकं साठलं होतं म्हणून सांगू, मी तोंड उघडलं, तर चिंधूनं हात ठेवला तोंडावर. "थांब न आई, मी बोलून राहिलो."

आई म्हटलं त्यानं. थांबली मी. अजून थांबूनच आहे. आता तिसरीत गेला, मास्तर चिठ्ठी पाठवतात, याला जरा गप्प बसवा. घरी माझा नंबर लागत नाही, म्हणून इथं भजनाले येते आणि काय असंन ते थोडक्यात सांगून जाते.

तुम्हीही एक सोमवार धराच बायांनो. लेकरू रुसत असो, अडत असो, एक दिवस गप बसून पाहा, काय काय निघते त्याच्या पोटातून. जड वाटते, पण काही जड नाही. भजन राहून गेलं तरी मघापासून साऱ्या गप बसल्याच आहात ना, तसंच बसाचं.